टोमॅटोला लाल मल्चिंग पेपर : कुणी वापरलाय का?

येरळाकाठ

राम राम मंडळी. वडूजच्या अलीकडं येरळेच्या कडंला आमचं रान आहे. जानेवारीच्या शेवटी एक एकर टोमॅटोची लागण धरतोय. बेड पाच फुटावर, ठिबक आहे तेच, रोपं नर्सरीत सांगून झाली. आमच्याकडं मल्चिंग, म्हणजे बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद, म्हटलं की सिल्व्हर-ब्लॅक, चांदी वर आणि काळं खाली, हे ठरलेलंच. पण या खेपेला दुकानात गेलो तर मालकानं लाल-काळ्या पेपरचं बंडल पुढं केलं. म्हणाला, "अमेरिकेत टोमॅटोला लालच टाकतात. वीस टक्के माल जास्त निघतो, शिवाय फळाला कलर येतो." बंडलमागं पैसे पण चांगलेच जास्त सांगितले.

कागदाच्या रंगानं फळाला रंग कसा चढणार, हे काही डोक्यात शिरलं नाही. पण मोबाईलवर बघितलं तर लाल, निळा, पिवळा, पांढरा असे सगळे रंग दिसतात, आणि प्रत्येकाखाली 'उत्पन्न दुप्पट'. सातारा-सांगलीत कुणी स्वतःच्या रानात लाल टाकलाय का? ऐकीव नको.

तासगावचा_नाना

आवं, पेपर कसला बी टाका, वीस टक्के माल वाढला आन् वडूजातनं गाडी वाशीला जाईस्तवर दर तीस टक्के पडला तर काय करणार? सिल्व्हर-ब्लॅक टाका आन् निवांत ऱ्हावा. कागदाचं काम दोनच. भांगलण वाचवायची, पाणी वाचवायचं. रंग बायकांच्या साड्यांना बघायचा.

माती_आणि_मुळी

नाना, दराचं बरोबर, पण रंगाचं तितकं सोपं नाही. मी उद्यानविद्या शिकलोय, सध्या कराडकडं काकडी-टोमॅटोच्या प्लॉटवर सल्ल्याचं काम करतो. दुकानदाराच्या गोष्टीत थोडं खरं आहे, म्हणूनच ती खपते.

लाल कागदाचं काम अमेरिकेच्या कृषी खात्याच्या साउथ कॅरोलिनातल्या फ्लोरेन्स इथल्या केंद्रावर झालं. मायकेल कॅस्परबॉअर आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकापासून यावर होते. त्यामागचा विचार असा. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि त्याच्या पुढचा, आपल्या डोळ्याला जवळजवळ न दिसणारा 'फार-रेड' प्रकाश परत फेकतं. झाडाच्या आत फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते या दोन्हींचं प्रमाण मोजत बसलेलं असतं. फार-रेड वाढला की झाडाला वाटतं, शेजारी कुणीतरी दाटीवाटीनं उभं आहे, आपण मागं पडू. मग ते वरच्या वाढीकडं आणि फळाकडं जास्त अन्न वळवतं. त्यांचा लाल कागद ही शेजाऱ्याची हूल देण्यासाठी मुद्दाम बनवलेला होता. फळाला कलर येतो ही मात्र दुकानातली भर. टोमॅटोचा रंग जातीवर आणि पिकतानाच्या तापमानावर जातो.

आता आकड्यांचं. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीनं रंगीत कागदांच्या बऱ्याच चाचण्या घेतल्या. टोमॅटोला लाल कागदावर तीन वर्षांची सरासरी वाढ १२ टक्के आली. पण ती काळ्या कागदाच्या तुलनेत. आपल्याकडं लालची गाठ सिल्व्हर-ब्लॅकशी आहे, नुसत्या काळ्याशी नाही. आणि त्याच लोकांनी हेही लिहून ठेवलंय की हवामान पिकाला मनासारखं असेल तेव्हा लालचा फरक नावालाच उरतो. दुकानातून बंडल घेताना ही दोन वाक्यं कुणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या डोळ्याला लाल दिसतो तो कागद झाडाच्या हिशेबी लाल असेलच असं नाही. फार-रेड किती परततोय हे रंगद्रव्य कुठलं घातलंय त्यावर ठरतं. दोन दुकानांतले दोन लाल कागद शेजारी ठेवले तर आपल्याला सारखेच दिसतील, झाडाला नाही. दुकानदाराला परावर्तनाचा तक्ता मागा. देणार नाही, पण मागा.

तासगावचा_नाना

झाडाला हूल देनारा कागद! आता दलालाला हूल देनारा कागद कुठं मिळतो तेवढं सांगा.

आष्ट्याची_ढबू

माझं पीक ढबू मिरची, अधूनमधून टोमॅटो. रंगाचा विचार मी उजेडाच्या बाजूनं कधी केला नाही, किडीच्या बाजूनं केला.

सिल्व्हरचं खरं काम लागणीपासून पहिला महिना-दीड महिना. रोप लहान असतं, बेडवर निम्म्याहून जास्त कागद उघडा असतो. मावा, पांढरी माशी, फुलकिडे उडत येतात ते आभाळाचा उजेड वर आणि रानाचा काळपटपणा खाली या हिशेबावर. चांदीचा कागद खालून आभाळासारखाच चमकतो, त्यातली अतिनील किरणं परत फेकतो, आणि त्यांना खाली-वर कळत नाही. बसायचं राहून पुढं जातात. व्हायरस आणणारी कीड जितकी उशिरा बसेल तितकं झाड मोठं झालेलं असतं आणि तितका तोटा कमी. टोमॅटोचा बोकड्या (पानं आखडवणारा व्हायरस) पांढऱ्या माशीतून येतो, सीएमव्ही (काकडीवरच्या मोझॅकचा व्हायरस) माव्यातून, शेंडा करपवणारा फुलकिड्यातून. तिघांनाही पहिल्या महिन्यात दारातच अडवायचंय.

एकदा का झाडानं बेड झाकला की वर चांदी आहे का लाल, काही फरक नाही. मिरचीतले काळे फुलकिडे तर सरळ फुलात जाऊन बसतात, तिथं कागद काय करणार? तेव्हा निळे-पिवळे चिकट सापळे आणि फवारणी ठरलेलीच.

माती भाऊंनी पेनसिल्व्हेनियाचं काढलंय म्हणून, तिथल्याच चाचण्यांत मिरचीला चांदीच्या कागदावर काळ्यापेक्षा सरासरी २० टक्के माल जास्त आलाय. म्हणजे आम्ही ढबूवाले आधीपासूनच 'रंगीत' कागद वापरतोय, फक्त त्याला कुणी रंगीत म्हणत नाही.

येरळाकाठ, तुमच्या शिवारात टोमॅटोला व्हायरस किती येतो ते आधी सांगा. त्यावर सगळं आहे.

येरळाकाठ

व्हायरस येतोच. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटात पहिल्या तोड्याच्या आधीच झाडं पिवळी पडून आखडली होती. ठिकाण बदलून काही होत नाही, सगळ्या शिवारात टोमॅटो-मिरची आहेच.

अजून एक. धाकट्या भावाला खरबूज करायचंय. दुकानदार म्हणतो, त्याला निळा. ते पण अमेरिकेतलंच का?

माती_आणि_मुळी

हो, तिथलंच. खरबुजाला गडद निळ्या कागदावर काळ्यापेक्षा सरासरी ३५ टक्के जास्त विक्रीयोग्य माल, काकडीला ३० टक्के. आकडे मोठे आहेत आणि खोटे नाहीत. पण पेनसिल्व्हेनियात मे महिन्यात लागण करताना माती गार असते, वेलवर्गीय पिकाची मुळी अडून बसते. ते आकडे तशा गार मातीतले, आपल्या उन्हातले नाहीत.

मला निळ्याची धास्ती वेगळ्या कारणानं आहे. फुलकिडे पकडायला आपण निळा सापळा का लावतो? त्यांना तो रंग ओढतो म्हणून. आपल्याकडं कलिंगडाचा शेंडा करपवणारा बड नेक्रोसिस व्हायरस फुलकिड्यातूनच पसरतो. अख्ख्या रानात निळा कागद अंथरून त्यांना आवतण द्यायचं का, हा प्रश्न मी तरी आधी विचारेन. पिवळ्याचं तर बोलायलाच नको. पिवळ्यावर मावा आणि पांढरी माशी धावून येतात. बाहेर काही ठिकाणी कडेला एखादी पिवळी पट्टी टाकून कीड तिथं गोळा करतात आणि तिथंच मारतात. त्या कामाला ठीक, पण पिकाखाली पिवळा टाकायचा म्हणजे घराला दार न लावता झोपण्यासारखं.

माणदेशी_माणूस

म्हसवडकडून लिहितोय. इथं कलिंगड, खरबूज दरवर्षी. किडीचं आणि उजेडाचं बोलून झालं, आता उन्हाचं बोलू.

अमेरिकेतल्या पुस्तकांत काळा कागद माती गरम करतो म्हणून त्याचं कौतुक. ५ सेंटीमीटर खोलीवर उघड्या मातीपेक्षा पावणेतीन अंश सेल्सिअसच्या आसपास जास्त. पारदर्शक कागद तर साडेचार ते पावणेआठ अंशांपर्यंत नेतो. आमच्याकडं एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तिथं मातीला अजून तीन अंश कशाला चढवायचेत? मुळी वर येऊन भाजते, फूल गळतं, सेटिंग (फळधारणा) होत नाही. पांढरा-काळा कागद, पांढरी बाजू वर, उघड्या मातीपेक्षाही अंशभर गार ठेवतो. सिल्व्हरही गारच. मार्च-एप्रिलच्या लागणीला मला पांढरा-काळा बरा वाटतो, फक्त त्याची तिरीप उन्हात डोळ्याला सोसत नाही, दुपारी बाया काम करायला तयार होत नाहीत.

जानेवारीची लागण असेल तर गंमत आहे. रात्री थंडी असते, तेव्हा काळा असता तर रोप लवकर पळालं असतं. तेच पीक मार्चअखेर उन्हात सापडतं, तेव्हा काळा नकोसा होतो. एकाच कागदावर दोन्ही ऋतू काढायचे असतात, म्हणून लोक सिल्व्हर-ब्लॅकवर येऊन थांबतात. लाल-काळा उन्हात चांदीपेक्षा जास्त तापणार हे हात लावला तरी कळेल.

आणि रंग कुठलाही असू दे, भोकाकडं बघा. दुपारी कागदाखालची सगळी वाफ भोकातून वर येते आणि कागदाची कड रोपाच्या बुडाला टेकली तर तिथंच गोल डाग पडून रोप आडवं होतं. मर लागली म्हणून लोक औषध ओतत बसतात. भोक पुरेसं मोठं पाडायचं, लागण झाली की रोपाच्या बुडाशी मूठभर माती टाकून कड दाबायची. आमच्याकडं हे काम लहान पोरं पण बिनचूक करतात.

आष्ट्याची_ढबू

भोकाला +१. आणि कागद ताणून बसवा. बेडवर ढेकळं राहिली की कागद तंबूसारखा उभा राहतो, मध्ये हवा कोंडते, वाऱ्यानं फडफडून फाटतो. काळा कागद मातीला चिकटलेला नसेल तर त्याची ऊबही मातीत उतरत नाही. रोटर दोनदा फिरवायला लागला तरी चालेल.

लव्हाळ्याला कुठलाच रंग अडवत नाही. सुईसारखा आरपार येतो. लव्हाळ्याचं रान असेल तर कागदाआधी त्याचा बंदोबस्त.

गच्चीवरची_बाग

मी साताऱ्यात गच्चीवर कुंड्यांत चार टोमॅटो लावते. लाल ताट किंवा लाल प्लास्टिकची शीट ठेवली तर चालेल का? :)

माती_आणि_मुळी

ताई, ठेवा की, नुकसान काही नाही. पण फार-रेडची अपेक्षा ताटाकडून करू नका. कुंडीला उसाचं पाचट किंवा वाळका पाला बेस्ट.

पाचगणीचा_गारवा

स्ट्रॉबेरीवाला मध्येच घुसतोय. आमच्याकडं कागदाचं पहिलं कारण फळ मातीला टेकू नये. टेकलं की कुजलं, आणि वर माती लागलेलं फळ पुण्या-मुंबईला कोण घेतंय? माती भाऊंनी सांगितलेल्या फ्लोरेन्सच्याच माणसांनी स्ट्रॉबेरीवरही लाल कागद करून बघितला होता, फळ काळ्यापेक्षा मोठं आणि गोडीला सरस आलं असं त्यांचं म्हणणं. पण स्ट्रॉबेरी जमिनीसरशी, फळ कागदावरच लोळतं, उजेड थेट फळाला मिळतो. टोमॅटो तुम्ही तारेवर पाच-सहा फूट चढवता. खालचे दोन घड सोडले तर कागदाचा उजेड वर पोचतो का, याचा विचार करा.

तासगावचा_नाना

हे मातूर पटलं. माझ्या द्राक्षाच्या मांडवाखाली सोन्याचा कागद टाकला तरी घडाला काय कळनार?

कृष्णाकाठची

वाळवा तालुक्यातून. सगळे टाकायच्या कागदावर बोलताय, काढायच्या कागदावर कुणीच नाही. आमच्या घरी काढायचं काम माझ्याकडं आणि बायांकडं असतं, म्हणून लिहितेय.

पीक संपलं की तारा-काठ्या निघतात, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) गुंडाळून होतात, मग कागद. उघडी बाजू उन्हानं कडक झालेली असते, धरून ओढली की हातात पापुद्रा येतो आणि उरलेला तिथंच. मातीत दाबलेली कड मात्र शाबूत, ती खुरप्यानं उकरून काढावी लागते. घाईला आलेला माणूस म्हणतो, रोटर मारून घेऊ. रोटर मारला की तुकडे कायमचे रानात. पुढच्या नांगरटीला ते फाळाला गुंडाळून वर येतात, शेजारच्या उसात उडून जातात, पावसात ओढ्याला लागतात. वैरणीबरोबर जनावराच्या पोटात गेलेलेही बघितलेत. बांधावर पेटवून देणारे तर प्रत्येक गावात आहेत, तो धूर पहिला आपल्याच घरात येतो.

भंगारवाला माती लागलेला कागद घेत नाही, वजनात निम्मी माती असते म्हणतो, आणि ते खरंच आहे. आम्ही शेवटचं पाणी तोडून रान चांगलं वाळू देतो, पेपर झटकून गुंडाळतो, तेव्हा तो नेतो, तेही मनात असलं तर.

म्हणून माझं मत, कागद पातळ घेऊ नका. पंचवीस मायक्रॉनच्या खाली गेलात की काढताना अख्खा येतच नाही. लाल का चांदी हे नंतर.

'आपोआप विरघळणारा' म्हणून कुणी विकायला आला तर नीट विचारा. ऑक्सो-डिग्रेडेबल म्हणतात तो विरघळत नाही, फक्त बारीक तुकडे होतात. युरोपात त्यावर २०२१ पासून बंदी आहे. मातीत खरोखर कुजणारा वेगळा असतो, महाग असतो.

माती_आणि_मुळी

ताईंनी जाडीचं काढलं ते बरं झालं. बंडलावर छापलेल्या मायक्रॉनवर विश्वास ठेवायचं काही कारण नाही, वजनकाटा कुठंही मिळतो.

हिशेब साधा. चार फुटी, म्हणजे १.२ मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब बंडल. २५ मायक्रॉनचा असेल तर निव्वळ कागद सुमारे ११ किलो भरला पाहिजे, ३० मायक्रॉनचा सव्वातेरा किलोच्या आसपास. रंगाचं मिश्रण प्लास्टिकपेक्षा जड असतं, त्यामुळं थोडा जास्तच भरेल, कमी नाही. आतल्या पुठ्ठ्याच्या नळीचं वजन वजा करायला विसरू नका. कमी भरला तर एक तर कागद पातळ, नाहीतर मीटर कमी.

पाच फुटावरच्या बेडांना एकराला साधारण २,६५० मीटर लागतो, म्हणजे साडेसहा-सात बंडलं. सत्तर-पंचाहत्तर किलो प्लास्टिक रानात जातंय आणि तेवढंच बाहेर यायला हवं. ताईंच्या मुद्द्याला हा आकडा जोडून घ्या.

करून बघायचंच असेल तर कडेच्या दोन ओळी लाल आणि बाकी सिल्व्हर असं करू नका, कडेला वारा, ऊन, कीड सगळंच वेगळं. रानाच्या मध्यात एक बेड लाल, एक चांदी, पुन्हा एक लाल, पुन्हा एक चांदी. रोपं एकाच ट्रेतली, व्हॉल्व्ह एकच. तोड्याला क्रेट वेगळे ठेवून वजन लिहा, आणि व्हायरसची झाडं बेडनिहाय मोजा. नुसतं 'झाड काळंभोर दिसतंय' यावर जाऊ नका, ते नत्रानं पण दिसतं.

आणि येरळेकाठी रान काळं असेल तर पाण्याला जपा. कागदाखाली वाफसा वरून कळत नाही. भोकातून हात घालून मूठ वळून बघा, लाडू झाला आणि फुटेना तर ठिबक बंद. पांढरी मुळी गेली तर कागद सोन्याचा असला तरी उपयोग नाही (नाना, तुमचाच दाखला).

माणदेशी_माणूस

अवांतर: प्लास्टिक मल्चिंगला महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर) फलोत्पादनातून अनुदान आहे. पूर्वसंमती यायच्या आधी खरेदी केलेलं बिल चालत नाही. कृषी सहायकाला विचारून घ्या, जानेवारीपर्यंत वेळ आहे.

येरळाकाठ

सगळ्यांचे आभार, विशेषतः कृष्णाकाठच्या ताईंचे.

काल ताणकाटा घेऊनच दुकानात गेलो. दुकानदार आधी हसला, मग गप्प झाला. लाल बंडलावर २५ मायक्रॉन, ४०० मीटर छापलेलं. नळी धरून साडेनऊ किलो भरलं. सिल्व्हर-ब्लॅक ३० चं काट्याला लावलं, ते नळीसकट चौदाच्या वर. परावर्तनाचा तक्ता मागितला तर त्यानं कंपनीचं चकचकीत पत्रक दिलं, त्यावर टोमॅटोचा फोटो होता.

आमच्या शिवारात व्हायरस आहे, लागण उन्हात जाणार आहे आणि झाड तारेवर चढणार आहे. तिन्ही हिशेबानं एकरभर सिल्व्हरच. पण डोक्यातून जात नाही, म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून एक लाल बंडल पूर्ण वजनाचं मिळालं तर मधल्या चार-पाच बेडांना आलटून-पालटून टाकणार. भावाला निळा नको म्हणून सांगितलंय, तो सिल्व्हरवर खरबूज करतोय. अनुदानाचा अर्ज आज भरला, त्यामुळं बिल अजून केलं नाही.

ढबू भाऊ, ३० मायक्रॉनला भोकं पाडायला तुम्ही काय वापरता? आमच्याकडचा पाईप बोथट झालाय, कागद कापायच्या ऐवजी फाडतो.

आष्ट्याची_ढबू

लोखंडी डबा, बुडाला पेटते कोळसे, वर लाकडी मूठ. टेकवला की गोल भोक, कड वितळून जाड होते त्यामुळं पुढं चिरत नाही. वारा पडलेला असताना सकाळी करा आणि खाली लॅटरल कुठून गेलीय ते आधी बघा. लॅटरल बेडच्या मधोमध, भोकं तिच्या दोन्ही अंगाला चार बोटं सोडून.

तासगावचा_नाना

पयल्या तोड्याचे क्रेट हितंच लिवा. लालचे वायले, चांदीचे वायले. आन् दर बी लिवा.